आबांनी निवडलेला पंप

लग्न होऊन मी नगरला सासरी आले, तेव्हा त्या घरातल्या ज्या गोष्टीची मला पहिल्यांदा लाज वाटली ती म्हणजे मासे.

दारातून आत पाऊल टाकलं की दिवाणखान्यात समोरच काचेची मोठी टाकी होती. माणूस आडवा निजेल एवढी लांब, लोखंडी अँगलच्या चौकटीत जाड काचा बसवलेली. आत सोनेरी मासे, काही पसरट पट्ट्यापट्ट्यांचे, आणि कोळशासारखे काळे बारके मासे. कॅम्पातला एक लष्करी अधिकारी बदली होऊन जाताना ती माझ्या सासऱ्यांना देऊन गेला होता. मी त्यांना मामंजी म्हणायची. मामंजी नगरच्या कोर्टात वकिली करायचे, त्या अधिकाऱ्याचं काहीतरी काम त्यांनी केलेलं होतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या आधी कुरकुरल्या होत्या म्हणे, एवढ्या जागेत दोन कपाटं बसली असती. पण मी आले तोवर सकाळी माशांना खायला टाकताना त्यांच्याशी बोलण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती.

माझं माहेर पाथर्डीच्या पुढे. आमच्याकडे पाणी बघायचं म्हणजे विहिरीच्या काठावरून वाकून बघायचं. उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, काचेच्या मागे, उजेडात, नुसतं बघण्यासाठी ठेवलेलं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. लग्नानंतर माहेरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा माझी चुलती पदर तोंडाला लावून टाकीपुढे उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, "हे पानी पीत न्हाईत व्हय गं?" मी तिला घाईघाईने आत नेलं. तिने विचारलेलं कुणी ऐकलं असेल याची लाज, आणि तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं याचीही.

हे लग्न जुळलं तेच मुळी कोर्टात. माझ्या वडिलांचा, आबांचा, बांधाचा एक दावा होता आणि मामंजी त्यांचे वकील होते. तारखेला आबा माझी मॅट्रिकची गुणपत्रिका खिशात घालून न्यायचे आणि दाखवायचे, असं मामंजी हसून सांगत. मामंजींचं मूळ घर नेवाशाकडचं, आत्याबाई कोपरगावच्या, दोघंही पाटाच्या पाण्यावर वाढलेली. त्यांनी कोरडवाहू गावातली मुलगी मागून घेतली याचं आमच्या गावात सगळ्यांना नवल वाटलं होतं. आबांना तर लग्नानंतरही मामंजींना 'व्याही' म्हणणं कधी जमलं नाही. ते 'वकीलसाहेब'च म्हणत राहिले. मामंजी मात्र त्यांना आवर्जून 'पाहुणे' म्हणत. माझे यजमान नोकरीला पुण्यात, शनिवारी यायचे. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच, आणि ते मासे.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. आदल्या वर्षीही तो बेतानेच झालेला. नगरला नळाचं पाणी दिवसाआड झालं आणि नंतर तेही कधी येई, कधी नाही. माहेरून येणाऱ्या पत्रांत आबा लिहीत की सगळं ठीक आहे, विहीर आणखी खोल घेतली आहे, काळजी करू नये. मी ते खरं धरून चालले होते, कारण खरं धरणं सोयीचं होतं.

दिवाळी होऊन गेली आणि टाकीचा पंप जळला. तो त्या अधिकाऱ्याने परदेशातून आणलेला होता. टाकीच्या वर पत्र्याचा एक उथळ ट्रे होता, त्यात वाळू, कोळसा आणि गोटे. पंप टाकीतलं पाणी वर चढवून त्या ट्रेमध्ये टाकायचा आणि ते गाळून पुन्हा खाली ठिबकायचं. अशा रीतीने तेच ते पाणी महिनोन्‌महिने चाले, बदलावं लागत नसे. मामंजी आल्यागेल्याला हे समजावून सांगत. दुष्काळात घरात एवढं पाणी कोंडून ठेवल्याचं त्यांनाही खटकत असलं पाहिजे, म्हणूनच ते न विचारता सांगत.

पंप बंद पडला तसे मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घ्यायला लागले. पाणी हलतं ठेवायला हवं, असं मामंजींनी कुठूनतरी विचारून आणलं. मग ते काम माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ स्टुलावर उभं राहून मी तांब्याने टाकीतलं पाणी उचलायची आणि उंचावरून परत टाकीतच सोडायची. घरासमोरच्या गल्लीत सार्वजनिक नळ होता. तिथे बायका कोरड्या हंड्यांची रांग लावून बसलेल्या असत, आणि खिडकीतून त्यांना मी दिसत असे. मी खिडकी लावून घ्यायला लागले. खिडकी लावली की उकडायचं, आणि आत्याबाई ती पुन्हा उघडायच्या. का लावते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आबा आले. दर खेपेला ते ज्वारी, शेंगा, हुरडा असं काहीतरी घेऊन येत. या खेपेला एका फडक्यात थोडी बोरं होती. ती त्यांनी आत्याबाईंच्या पुढे ठेवली आणि ठेवल्यावर फडक्याची गाठ पुन्हा मारून ठेवली. आबा वाळले होते. मी विचारलं तर म्हणाले, "उन्हातानाचं चालायचंच."

विहीर खाली नेल्यामुळे इंजिनाचा पाईप पाण्यापर्यंत पोचत नव्हता. तो वाढवायचा होता, म्हणून ते बाजारात निघाले होते. मामंजींनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग आपण बरोबरच जाऊ की, पाहुणे. मलाही पंप घ्यायचाय. तुमची सबंध हयात इंजिनापाशी गेली. तुमच्याइतकं आमच्यात कुणाला कळतंय?"

आबांनी टाकीकडे पाहिलं. "ह्या पेटीला?"

"या पेटीलाच. सूनबाई, तूही चल. टाकीपाशी रोज तू असतेस, पाणी किती उंच चढवायचं ते तुला ठाऊक आहे."

बाजारातलं ते दुकान शेतीच्या पंपांचं होतं. दारात पाईपांच्या चळती, आत ओळीने डिझेल इंजिनं. दुकानात गर्दी होती. सगळ्या तालुक्यांतून शेतकरी आले होते, कारण सगळ्यांच्याच विहिरींचं पाणी खाली गेलं होतं. कुणी पाईप मोजून घेत होतं, कुणी बाकावर नुसतं बसलं होतं. मामंजींना बघून मालक उठून उभा राहिला. वकील म्हणून तो त्यांना ओळखत होता. त्याने बाकावरच्या दोघांना सरकायला लावलं आणि आम्हाला बसवलं. सरकणाऱ्यांतला एक जण उठूनच गेला.

"घरगुती वापराला एखादा लहान पंप आहे का?" मामंजींनी आवाज खाली घेऊन विचारलं.

"गच्चीवर पाणी चढवायला?"

"नाही. इतकं उंच नाही."

"मग किती?"

मामंजींनी बसल्या जागेवरूनच हाताने दाखवलं, पोटापासून हनुवटीपर्यंत. मालकाला कळेना. त्याने तेच पुन्हा मोठ्याने विचारलं, "साहेब, एवढ्याच उंचीला पंप कशाला?"

मामंजी घुटमळले. आणि तेव्हा आबा, ज्यांना त्यात लपवण्यासारखं काही दिसलंच नव्हतं, सरळ म्हणाले, "माशांसाठी पायजे. वकीलसाहेबांच्या घरी काचेची पेटी हाय, तिच्यात मासे हायेत. पंप जळाला, आता मासे तोंड वर काढत्यात."

दुकानातली बोलणी थांबली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बाकाच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने मामंजींकडे वळून, अगदी साध्या चौकशीने विचारलं, "माशास्नी पानी कुठनं आनता?"

"तेच पाणी गाळून पुन्हा वापरतो," मामंजी म्हणाले. "नवीन लागत नाही. म्हणून तर पंप हवाय."

म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याचं समाधान झालं होतं की काय, कोण जाणे. मी खाली बघत होते. फरशीवर ग्रीसचा डाग पडला होता आणि त्यावर कुणीतरी भुसा टाकलेला होता. बाकी त्या दुकानातलं मला फारसं काही आठवत नाही, पण तो डाग आठवतो.

तेवढ्यात पाईप मोजून घेणाऱ्यांतला एक जण आबांपाशी आला. शेजारच्या गावचा माणूस, आबांच्या ओळखीचा. मी कोण हे त्याला माहीत नसावं.

"तुमी हिथं व्हय," तो म्हणाला. "काल आमची मंडळी खडीवर गेल्ती. तुमच्या घरच्या पन हुत्या म्हनं तिथं, सूनबाई बी. तुमच्या मंडळींच्या हाताला लई फोड आल्यात. हितनं जाताना कायतरी मलम न्या त्यास्नी."

आबा म्हणाले, "व्हय. नेतो."

दुष्काळी कामावर बायका रस्त्यासाठी खडी फोडतात हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. वर्तमानपत्रात फोटो येत. पण आमच्या घरातल्या बाईने शेताच्या बांधापलीकडे कुणाच्या हाताखाली काम केलेलं नव्हतं. आबांना तो मोठा मान वाटायचा. लग्नाच्या बैठकीत त्यांनी तो बोलूनही दाखवला होता, याच मामंजींसमोर. आई खडी फोडते, वहिनी खडी फोडते, हे मला असं कळलं. आणि कळलं त्या क्षणी मी आबांकडे पाहिलं नाही. मी आधी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं का, हे मला बघायचं होतं.

त्यांनी ऐकलं होतं. ते टेबलावरच्या, पाईपाच्या तळाशी बसवायच्या एका फूटव्हॉल्व्हची जाळी निरखत होते, जशी काही ती त्यांनाच विकत घ्यायची होती. मग मी आबांकडे पाहिलं, तेव्हा आबा माझ्याकडेच बघत होते. म्हणजे मी आधी कुणाकडे पाहिलं तेही त्यांनी पाहिलेलं होतं.

मालकाने दोन पंप आणून मांडले. एक अगदी लहान, ओंजळीत मावेलसा. हवेच्या कूलरमध्ये बसवतात, म्हणाला. मागे मालाबरोबर आला आणि कुणी घेतला नाही म्हणून पडून होता. दुसरा ओतीव बिडाचा, हिरव्या रंगाचा, पाव हॉर्सपॉवरचा. "हा तसा गच्चीसाठीच आहे," मालक म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर आरामात पाणी चढवतो."

मामंजी उभे राहिले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाहुणे, यातला कोणता घ्यायचा ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तो."

ते का म्हणाले, हे मला तेव्हाच कळलं होतं. आबांनाही कळलं असावं. आबा पुढे झाले. लहान पंप त्यांनी दोन बोटांत उचलला आणि खाली ठेवला. मग हिरव्या पंपाशी वाकले, त्याचा दांडा बोटाने फिरवला, कान लावून ऐकलं, तोंडाच्या नळीत अंगठा घालून पाहिला. दुकानातले लोक बघत होते. आबांची पाठ हळूहळू ताठ झाली.

"ह्यो घ्या," ते म्हणाले. "ते दुसरं खेळनं हाय. पंप म्हंजे कसा, दमाचा पायजे."

मालक काही बोलायला गेला. मामंजींनी त्याला हातानेच थांबवलं. "बांधा हा," ते म्हणाले.

गच्चीवर पाणी चढवणारा पंप टाकीला चालणार नाही, हे मला कळत होतं. तांब्याने पाणी ओतताना जरा जोर झाला तरी बारके मासे दडून बसायचे, हे मी रोज बघत होते. त्यासाठीच तर मला बरोबर नेलं होतं. पण आबांना सगळ्यांसमोर खोडून काढायचं माझ्याच्याने झालं नाही. घरी जाऊन मामंजींना सांगू, असं मी मनाशी म्हटलं. वाटेत आबा माझ्यापुढे पंप खांद्यावर घेऊन चालत होते. टांगा करू म्हटलं तर नको म्हणाले. आपला विहिरीचा पाईप त्यांनी जाताना न्यायला दुकानातच ठेवला होता.

संध्याकाळी वायरमन आला. आबांच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली होती, पण ते म्हणाले, "लावून बघूनच जातो." पंप त्यांनी स्वतः टाकीच्या स्टँडखाली बसवला, नळी टाकीत सोडली, दुसरी वरच्या ट्रेवर बांधली. मामंजी त्यांना पाना देत होते. आत्याबाई चहा घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या. मी मामंजींना काहीच सांगितलं नव्हतं. एकदा स्वयंपाकघराच्या दारात ते समोर आले तेव्हा मी तोंड उघडलं होतं, पण तेच म्हणाले, "बघू या सूनबाई, चालेलही कदाचित." म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

वायरमनने बटण दाबलं.

पंपाने एक हुंकार दिला आणि नळी ताठ झाली. वरच्या ट्रेमध्ये पाणी इतक्या जोरात पडलं की वाळू आणि कोळसा उसळून भिंतीवर गेला. ट्रे भरला आणि सगळ्या कडांनी सांडायला लागला. नळी बांधणीतून सुटली आणि सापासारखी फिरली. पाणी भिंतीवरच्या फोटोंवर, खुर्च्यांवर, आत्याबाईंच्या अंगावर. वायरमन बटणाकडे धावला, पण तिथेही पाणी पडत होतं, त्याला हात लावायची भीती वाटली. "मेन बंद करा, मेन," मामंजी म्हणाले. मेन स्विच पडवीत होता. मी धावले आणि खटका ओढला.

परत आले तेव्हा सगळं शांत झालेलं होतं. टाकी अर्ध्यावर आली होती. फरशीभर काळं पाणी, त्यात कोळसा. काळे बारके मासे टाकीत दिसत नव्हते. ते नळीतून गेले होते. एक मोठा सोनेरी मासा खुर्चीखाली तडफडत होता.

आबांनी तो उचलला. आयुष्यात त्यांनी जिवंत मासा हातात धरला नसेल. खांद्यावरचं उपरणं पाण्यात भिजवून त्यांनी तो त्यात घेतला आणि टाकीत सोडला. मग ते तसेच फरशीवर बसले, उपरणं पाण्यावर पसरलं, भिजू दिलं आणि बादलीत पिळलं. पुन्हा पसरलं, पुन्हा पिळलं.

"राहू द्या हो, व्याहीबुवा," आत्याबाई म्हणाल्या. "सकाळी बाई येईल, ती पुसेल."

"पानी हाय हे," आबा खाली बघूनच म्हणाले. "झाडाला व्हईल."

मग मामंजींनी खुंटीवरचा टॉवेल घेतला, धोतराचा सोगा खोचला आणि आबांच्या शेजारी ते गुडघ्यांवर बसले. दोघेही एकमेकांकडे न बघता पाणी टिपत राहिले. मी दारात उभी होते. मीही बसायला हवं होतं. पण त्या दोघांच्या मध्ये जायला मला धीर झाला नाही. वडिलांना असं बघताना लाज वाटत होती, सासऱ्यांना असं बघताना त्याहून जास्त.

सकाळी मी आबांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. रात्री ते जेवले नव्हते. पोट बिघडलंय म्हणाले होते. गाडी लागलेली नव्हती. आम्ही कडेला उभे राहिलो.

"आई खडीवर जाते, हे मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगून काय करनार हुतीस?"

"तरी."

"तू तिकडं मान वर करून ऱ्हावं, असं तुझी आईच म्हनली. तिनंच लिहू दिलं न्हाई." त्यांनी वळून गाडी येते का ते पाहिलं. मग म्हणाले, "त्या पेटीतलं मला काय कळत न्हाई, असं म्हनायला पायजे हुतं मी. पन तुझ्या सासऱ्यानं एवढ्या लोकांत इचारलं. न्हाई म्हनवलं न्हाई."

मी म्हटलं, "मला कळलं होतं, आबा. मीही बोलले नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "बरं केलंस," म्हणाले. "तिथं बोलली असतीस तर मला उठून जावं लागलं असतं."

गाडी आली. पाईप टपावर चढवायला ते शिडीवर चढले. खिडकीत बसल्यावर त्यांनी मला हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत बघत राहिले.

पुढच्याच आठवड्यात मी आत्याबाईंना म्हटलं की माहेरी जाऊन येते. कारण विचारतील म्हणून मी काहीबाही जुळवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. निघताना त्यांनी माझ्या हातात एक डबी दिली. मेण आणि खोबरेल कढवून केलेलं मलम होतं, त्यांच्या माहेरी ऊस तोडणाऱ्यांसाठी करून ठेवत तसलं. "आईला दे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मामंजींनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं, आणि इतके दिवस घरात कुणी मला त्यातलं अवाक्षर कळू दिलं नव्हतं.

खडीचं काम गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच होतं. मी गाडीतून तिथेच उतरले. उन्हात ओळीने बायका बसल्या होत्या, डोक्यावर पदर, पुढ्यात दगडाचे ढीग. मला आई ओळखू येईना. सगळ्यांच्या अंगावर सारखीच पांढरी धूळ होती. तिने मला आधी ओळखलं. हातोडी खाली ठेवून तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"एवढ्या उन्हाचं कशाला आलीस?" ती म्हणाली. माझ्या अंगावर पुण्याहून आणलेली नवी साडी होती. मी ती का नेसून आले होते, देव जाणे.

मी तिच्याजवळ खाली बसले. डबी द्यायची कशी ते कळेना. तिचे हात तर पदराखाली. शेजारच्या बाईने मला वरखाली पाहिलं आणि आईला विचारलं, "हीच व्हय माशावाली?"

मला काही कळलं नाही. आई हसायला लागली. शेजारची हसली, तिच्या पलीकडची हसली. आबांनी सगळं सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत खडीवर सगळ्यांसमोर बसून त्यांनी पंप कसा निवडला, वकीलसाहेबांनी कसा मान दिला, नळी कशी सापासारखी फिरली आणि विहीणबाई कशा न्हाऊन निघाल्या, ते नकला करून सांगितलं होतं. स्वतःची फजिती त्यांनी जराही झाकली नव्हती. घरी मात्र याबद्दल ते आईशी एकटीशी एक शब्द बोलले नव्हते.

"मोठा मासा जगला का?" माझी वहिनी पलीकडून म्हणाली. सगळ्या उत्तरासाठी थांबल्या.

"जगला," मी म्हटलं.

"आन काळे?"

"ते नाही."

बायका चुकचुकल्या. मग मुकादम आला आणि हातोड्या पुन्हा सुरू झाल्या. आईने हात बाहेर काढले, कारण काढावेच लागले. मी पाहिले. तिने मला पाहू दिले आणि दुसरीकडे बघत दगड फोडत राहिली. मी डबी तिच्या पिशवीत ठेवली आणि माझ्या पुढ्यातला एक दगड नुसता हातात धरून सुट्टी होईपर्यंत बसले.

हिरवा पंप मामंजींनी परत केला नाही. आबा गेले त्याच दिवशी जाऊन त्यांनी तो कूलरचा लहान पंप स्वतः आणला आणि टाकीत सोडला. तो घुर्र आवाज करायचा, पण चालला. त्या पावसाळ्यात पाऊस झाला, नळाला पाणी आलं, तेव्हा त्यांनी गच्चीवर सिमेंटची टाकी बांधली आणि हिरवा पंप तिला जोडला. कुणी विचारलं तर सांगत, "आमच्या व्याह्यांनी निवडून दिलाय." तो पुढे कित्येक वर्षं चालला.

आबा त्या दिवाळीला आले. या वेळी धान्याचं पोतं होतं. मामंजी त्यांना आधी गच्चीवर घेऊन गेले आणि मग दिवाणखान्यात. मी आतून ऐकत होते.

"ह्यो बारका चालतो व्हय?"

"चालतो."

"आवाज करतोय."

"करतो थोडा. सवय झालीय आम्हाला."

मग नुसती पंपाची घुरघुर ऐकू येत राहिली. दोघे टाकीपुढे उभे राहून मासे बघत असावेत. चहा केव्हाच उकळला होता. तरी मी तो गाळला नाही. आबांच्या समोर त्या टाकीपाशी जाऊन उभं राहायला मला अजून जमत नव्हतं. शेवटी आत्याबाईंनीच येऊन माझ्या हातातून गाळणं घेतलं, कप भरले आणि बाहेर नेऊन दिले.